हळू सोंगटी आधी

कवळीवाल्यांनी आयुष्यात एकदाच खोटा फासा केला आणि तो दिला कुणाला, तर तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

एरवी माणूस सरळ. कवळ्या करायचा त्यांचा धंदा. घड्याळजीच्या दुकानामागे दीड खोलीची लॅब होती. एका भिंतीला बाक, बाकावर पॉलिशची मोटर, आणि समोरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. सहा दंतवैद्यांकडून साचे यायचे. पंचवीस वर्षांत याचे दात त्याला गेले असं एकदाही झालं नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. मग माणसाला आपोआप आपले दात जिभेने चाचपावेसे वाटत.

त्यांचं दुसरं वेड पटावरच्या खेळांचं. फाशांचे, पत्त्यांचे, व्यापाराचे, किल्ले घ्यायचे, जे पटावर मांडता येईल ते सगळं. हे वेड त्यांना ताईंनी लावलं. त्या तेरा वर्षांनी मोठ्या. आई कामावर गेली की धाकट्याला सांभाळायचं काम त्यांच्याकडे, आणि धाकटा एका जागी बसायचा तो फक्त पट मांडला तर. हा सारखा पुढची सोंगटी पळवायचा, मागची अडकून पडायची आणि डाव हरला की पट उधळायचा. तेव्हा ताईंनी त्याला एक नियम शिकवला, "हळू सोंगटी आधी. पळणारी पोचतेच रे. मागे राहिलेलीला आधी बाहेर काढ." तो नियम त्यांनी साठीला टेकेपर्यंत हजार डावांत वापरला असेल. नेमका हवा तेव्हा आठवला नाही.

दर रविवारी दुपारी लॅबच्या बाकावरचं सामान बाजूला सारून चौघांचा डाव बसे. ताई, कवळीवाले, बस डेपोतले टाईमकीपर आणि भूमापन कार्यालयातल्या सर्व्हेअर बाई. सोंगट्या कवळीवाल्यांनी उरल्यासुरल्या गुलाबी मसाल्यातून ओतलेल्या, त्यामुळे सगळ्या एकजात हिरड्यांच्या रंगाच्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकाला वेगळा दात. टाईमकीपरना सुळा, सर्व्हेअर बाईंना पटाशी, ताईंना दाढ. स्वतःला त्यांनी अक्कलदाढ घेतली होती. त्यावर व्हायचे ते विनोद केव्हाच होऊन गेले होते.

वर्षातून एकदा पटखेळांचं संमेलन भरे. सतरा वर्षं ते शेजारच्याच शहरात भरत आलं होतं. सकाळी एक बस पकडायची, दोन तासांत उतरायचं, समोरचा रस्ता ओलांडला की सभागृह. ताईंना तिथल्या पायऱ्यासुद्धा पाठ होत्या. चौघांच्या गटांची स्पर्धा हा तिथला मुख्य भाग, आणि यांचा संघ दोनदा दुसरा आला होता. पहिला कधीच नाही. त्या विषयावर टाईमकीपरशी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता.

यंदा संयोजकांचं पत्र आलं की संमेलनाचं शहर बदललं. जुनं सभागृह पाडणार होते. नवं शहर लांबचं, थेट गाडी नाही. चौघांनी शुक्रवारी दुपारी चारच्या आत काउंटरवर हजर राहून सह्या करायच्या. एक जरी कमी पडला तरी संघ बाद.

पत्र वाचून टाईमकीपर खुलले. वेळापत्रकं हा त्यांचा प्राणवायू. दोन दिवसांत त्यांनी प्रवास बसवून आणला. सकाळी सहा दहाची गाडी, दहा वीसला जंक्शन. तिथे गाडी बदलायची. दुसरी गाडी दहा बेचाळीसला. दोनला नव्या शहरात. मधे बावीस मिनिटं.

"आणि ती चुकली तर?" सर्व्हेअर बाईंनी विचारलं.

"तर पुढची तीनला. सहानंतर पोचायचं आणि सभागृह बघून परत यायचं."

"रात्रीची बस आहे ना एक, थेट?"

"अकरा तास बसून," टाईमकीपर म्हणाले आणि त्यांनी ताईंच्या गुडघ्याकडे बघितलं नाही. न बघण्याचीही एक तऱ्हा असते, ती सगळ्यांना दिसली. आदल्या दिवशी निघावं तर सर्व्हेअर बाईंची आणि टाईमकीपरची रजा शुक्रवारपासूनच मंजूर होती. कवळीवाल्यांना गुरुवारी एका म्हाताऱ्या शिक्षकांची कवळी द्यायची होती. ते तीन आठवडे बिनदातांचे पेज पीत बसले होते. म्हणजे बावीस मिनिटांवरच सगळी भिस्त.

जंक्शनवर पूल होता. सर्व्हेअर बाईंच्या ऑफिसातला एक जण तिकडचा. त्याच्याकडून त्यांनी माहिती काढली की चढायच्या त्रेपन्न पायऱ्या आणि उतरायच्या तेवढ्याच. लिफ्ट आहे, पण दुरुस्तीसाठी बंद. कधी सुरू होणार हे तिथे लावलेल्या पाटीवरही लिहिलेलं नाही.

"त्रेपन्नच ना?" ताई म्हणाल्या. "मी काय आजारी आहे?"

आजारी नव्हत्या. पण गेल्या वर्षभरात उजवा गुडघा त्यांचं ऐकत नव्हता. लॅबच्या दोन पायऱ्या चढतानासुद्धा त्या दाराची चौकट धरत, आणि धरताना चौकटीचा रंग उडालाय की काय असं बघत असल्याचं दाखवत. कवळीवाले हे रोज पाहत होते. पण बोलायची हिंमत व्हायची नाही.

"विचारा ना त्यांना सरळ," बायको म्हणाली. "झेपेल का म्हणून."

"असं कसं विचारणार?"

"तोंडाने. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

पण त्यांची भीती वेगळीच होती. विचारलं तर ताई 'नाही' म्हणतील. एकदा नाही म्हणाल्या की पुढच्या वर्षीही नाही, मग हळूहळू रविवारच्या डावालाही नाही. ताईंशिवाय तो पट मांडायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

आता या मंडळींची एक पद्धत होती. ती ऐकून बाहेरचे हसत, पण हे गंभीरपणे पाळत. कुठेही प्रवासाला जायचं तर आधी तो पटावर खेळून बघायचा. त्याला ते तालीम म्हणत. सर्व्हेअर बाई मापात नकाशा काढत, त्यावर सोंगट्यांची घरं आखत. टाईमकीपर गाड्यांच्या वेळा लावत. प्रत्येकाने आपली सोंगटी, आपला फासा घ्यायचा. एक फेक म्हणजे दोन मिनिटं. गाडीला उशीर किती हेही फाशानेच ठरे. सतरा वर्षांत तालीम सांगेल तसंच झालं होतं असं नाही, पण तालमीत हरलेला प्रवास त्यांनी कधी केला नव्हता. बेत बदलायचा, नाहीतर जायचं नाही.

जंक्शनचा नकाशा आला. गाडीच्या दारापासून दुसऱ्या गाडीच्या दारापर्यंत वीस घरं, त्यांतली बारा जिन्याची. ताईंनी स्वतःच सांगितलं, "जिन्यावर माझा फासा निम्मा मोजा. उगाच लाड नकोत."

कवळीवाल्यांनी तो नकाशा मधल्या आठवड्यात लॅबमध्ये एकट्यानेच मांडला. चौघांसाठी आपणच फासे टाकले. पहिला डाव, दाढ पुलावर अडकली. दुसरा, अडकली. असे दहा डाव झाले आणि सात वेळा ती गुलाबी दाढ जिन्याच्या मधोमध उभी राहिली आणि गाडी निघून गेली. बाकीच्या तिघांनी गाडीतून तिच्याकडे बघायचं! अकराव्या डावाला त्यांनी पट गुंडाळला, आणि त्याच हातांनी पाप केलं.

चार नवे फासे ओतले. नवं शहर, नवे फासे, असं कारण तयार ठेवलं. दातांच्या पांढऱ्या मसाल्याचे, प्रत्येकाच्या ठिपक्यांचा रंग वेगळा. ताईंचा हिरवा. त्या हिरव्या फाशात, एकच्या ठिपक्याच्या आत, त्यांनी धातूच्या कॅपचा एक कण बसवला. डाळीच्या दाण्याहून लहान. वरून मसाला भरला, घासला, मोटरवर चकचकीत केला. पंचवीस वर्षं ज्या हाताने लोकांचं हसू बसवलं त्या हाताला हे काही अवघड नव्हतं. बाकावर टाकून बघितला. सहा. सहा. तीन. सहा.

ताईंचं पूर्वायुष्य त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलंच नाही. ही बाई बाजारात शिरली की आख्ख्या गल्लीतले काटे सरळ होत. किलोचं वजन तळहातावर घेऊन 'दहा ग्रॅम कमी' असं सांगायची, आणि मोजलं तर दहाच ग्रॅम कमी निघायचं. एक मात्र होतं. गिऱ्हाइकांसमोर त्यांनी कधी कुणा दुकानदाराची अब्रू काढली नाही. आत बोलवायच्या, दार लोटायच्या, काय ते सुनवायच्या आणि जप्त केलेल्या वजनाची पावती फाडून द्यायच्या. पावतीशिवाय माल उचलायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

रविवारी तालीम झाली. पहिल्या गाडीला उशीर किती? टाईमकीपरनी फासे टाकले, आठ मिनिटं. उरली चौदा, म्हणजे सात फेकी. सुळा आणि पटाशी पाचव्या फेकीलाच पलीकडे पोचली, मागोमाग अक्कलदाढ. ताईंनी टाकला, सहा. पुन्हा सहा. तिसऱ्या वेळी त्यांनी फासा मुठीत जरा जास्त वेळ घोळवला. चार. मग सहा, सहा, सहा. दाढ सहाव्या फेकीला गाडीत.

"ताई!" टाईमकीपर बाकावर थाप मारून ओरडले, तशी वरच्या फळीवरचे दोन जबडे खडखडले. "काय हात आहे की चेष्टा!"

"यंदा पहिले येतोय आपण," सर्व्हेअर बाई म्हणाल्या.

कवळीवाले हसले आणि त्यांचा हात फाशाकडे गेला. ताईंनी फासा उचलला, चष्म्याच्या घरात टाकला आणि घर टप्पकन मिटलं.

"ताई, तो इकडे दे. कडा घासायच्या राहिल्यात."

"गुळगुळीत आहे की. राहू दे माझ्याकडे. गुणी फासा आहे."

त्याच दिवशी तिकिटं काढली आणि संघाचा अर्ज गेला.

नंतरचे आठ दिवस कवळीवाल्यांना फासा परत मिळवायचा ध्यास लागला. बुधवारी ते ताईंच्या घरी गेले, निमित्त काहीतरी काढून. ताई एकट्याच राहत, खालच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काचेचा पेला होता, त्याच्या काठाला पांढरी खर जमलेली.

"हे काय?"

"मिठाचं पाणी."

"घसा बसलाय?"

"हं," ताई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. घसा ठणठणीत वाटत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण कवळीवाल्यांच्या मनात त्या पेल्याने काहीच उजेड पाडला नाही. फासा कुठे दिसला नाही. तसेच परतले.

पुढच्या मंगळवारी ताई लॅबवर आल्या. चौकट धरून, या वेळी रंगाकडे न बघता.

"मी गुरुवारी निघते. तिकीट बदलून घेतलं. जंक्शनवर विश्रामगृहात खोली आहे, रात्री तिथे राहीन. शुक्रवारी दहाला तुम्ही या, मी पलीकडच्या फलाटावर असेन."

कवळीवाल्यांच्या हातातला साचा हातातच राहिला. "एकटी? अगं पण कशाला? तालमीत पोचलो होतो की आपण!"

"पोचलो होतो."

"मग?"

"मग काही नाही. मला जंक्शन बघायचंय."

"जंक्शनमध्ये बघण्यासारखं काय असतं? मी येतो बरोबर."

"आणि गुरुजींच्या दातांचं काय? बिचारे पेज पिऊन कंटाळलेत. धाकट्या, बाहत्तर वर्षांची आहे मी. गाडीत बसता येतं मला."

त्यांनी बहिणीसाठी सूचनांचा कागद लिहिला, दोन्ही बाजूंनी. डबा कोणता, पाणी कुठे, खोलीचा फोन, जिन्याचा कठडा कोणत्या हाताला, औषध केव्हा. गुरुवारी सकाळी स्वतः गाडीत बसवून दिलं. दुपारी ताईंनी जाताना दिलेली किल्ली घेऊन घर नीट बंद आहे ना हे बघायला आत गेले, तर कागद टेबलावर, किटलीखाली. चहाचा एक गोल डाग बरोबर 'कठडा' या शब्दावर.

संध्याकाळी फोन आला.

"पोचले. पूल चढून उतरले."

"त्रास झाला?"

"दोनदा बसले मधे. एकोणतीस मिनिटं लागली, घड्याळ लावून बघितलं. खोली स्वच्छ आहे. कवळी बसली का गुरुजींना?"

"बसली," कवळीवाले म्हणाले. फोन ठेवला. एकोणतीस. आणि त्यांच्याजवळ होती बावीस, तीही गाडी वेळेवर आली तर. त्यांच्या फाशाचं ऐकून ताई शुक्रवारी निघाल्या असत्या, तर आज जिन्यावर बसल्या होत्या तशाच उद्याही बसल्या असत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी सुटली असती. संघ बाद झाला असता, त्याचं काही नाही. 'माझ्यामुळे' असं म्हणत त्या परत आल्या असत्या. ते ऐकून घ्यायची ताकद आपल्यात नव्हती, हे त्यांना आता कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी गाडीला नऊ मिनिटं उशीर झाला. उरली तेरा. "पळा!" टाईमकीपर म्हणाले, आणि तीन पोक्त माणसं खेळांच्या पिशव्या छातीशी धरून जिना चढू लागली. कवळीवाले वर पोचले आणि सवयीने थांबले. मागे वळून बघितलं. गेल्या कित्येक वर्षांत बहिणीबरोबर चालताना दर दहा पावलांवर मागे बघायची त्यांना सवय झाली होती. मागे कुणीच नव्हतं. रिकामा जिना.

"अहो कवळीवाले, मागे काय बघताय? त्या पुढे आहेत!" सर्व्हेअर बाई ओरडल्या.

खरंच होत्या. खालच्या फलाटावर, बाकावर, पाय लांब करून, शेजारी पिशवी ठेवून ताई चहा पीत होत्या. गाडी अजून यायची होती.

तिघं धापा टाकत पोचले. टाईमकीपर आणि सर्व्हेअर बाई डबा कुठे लागतो ते बघायला पुढे गेले. ते बऱ्यापैकी लांब जाईपर्यंत ताई थांबल्या. मग चष्म्याचं घर उघडून त्यांनी एक घडी केलेली चिठ्ठी धाकट्याच्या हातात दिली. जुन्या पावतीपुस्तकातला कोरा कागद होता. अक्षर सरकारी, ठसठशीत.

'एक फासा, हिरवे ठिपके. वजनात खोट आढळली. जप्त.' खाली सही. आणि तारीख, तालमीच्या रविवारची.

कवळीवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. "त्याच दिवशी?"

"तिसऱ्या फेकीला. घरी जाऊन मिठाच्या पाण्यात दहा वेळा तरंगत सोडला, जड बाजू खाली जाते. दहाही वेळा एक खाली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चारचौघांत? परक्या दुकानदारालासुद्धा मी आत नेऊन सांगत असे. तू तर घरचा."

समोर रुळांवर गाडीचा आवाज येऊ लागला. कवळीवाल्यांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली, खिशात ठेवून पिशव्या उचलल्या. "मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"मग नाही म्हणाले असते. ते मी म्हणायचं की फाशाने?" ताईंचा आवाज चढला नव्हता. "माझ्या गुडघ्याला चार दिवस खोटं बोलता येईल रे, पुलाला नाही. मला विचारायचं होतंस. मी तेव्हाच सांगितलं असतं, एक दिवस आधी निघते."

"तू नसलीस तर मला जायचंच नव्हतं," कवळीवाले म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांत पिशव्या.

"एवढंच ना? हे बोलायला फासा कशाला लागतो?" ताई म्हणाल्या. त्यांनी आपल्या पदराने भावाचे डोळे पुसले, लहानपणी पट उधळल्यावर पुसायच्या तसेच, जरा जोरातच.

गाडी येऊन उभी राहिली. पुढून टाईमकीपर हातवारे करत होते, की इथे, याच डब्यात. कवळीवाल्यांनी घाईघाईने पाय पायरीवर ठेवला, पिशव्या आधी आत टाकाव्यात म्हणून.

ताईंनी मागून त्यांचा सदरा ओढला.

"काय शिकवलं होतं?"

कवळीवाले खाली उतरले आणि बाजूला झाले. ताईंनी दांडा धरला, डावा पाय वर ठेवला, उजवा सावकाश ओढून घेतला आणि चढल्या.